झाडं न लावण्याची देणगी

‘महादेणगी विभाग प्रमुख’ अशी सोनेरी अक्षरं छापलेली पाचशे व्हिजिटिंग कार्डं सोमशेखर म्हमाणे यांनी घरी आणली, तेव्हा त्यांच्या पत्नी धनलक्ष्मीबाई आमटीत कडक भाकरी चुरत होत्या. त्यांनी हात पुसून एक कार्ड उचललं, दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि विचारलं, “विभागात माणसं किती?”

“सध्या मी एकटाच.”

“मग प्रमुख कुणाचे?”

सोमशेखर कार्डं मोजायला लागले. चौतीस वर्षं कॉलेजच्या कार्यालयात अधीक्षक म्हणून काढलेल्या माणसाला कुठल्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं आणि कुठला प्रश्न ‘प्रलंबित’ ठेवायचा, हे कळत असतं.

माळरान जतन मंडळ ही संस्था छोटी होती. तिची सचिव सोनम वाघमोडे ही तिशीतली मुलगी, करमाळ्याकडच्या मेंढपाळ घरातली. लांडग्यांवर तिनं पीएच.डी. केली होती. जेऊरजवळच्या चाळीस एकर माळावर लांडगे, खोकड, चिंकारा आणि जमिनीवरच अंडी घालणारे पक्षी होते. मालक तो माळ दहा वर्षांच्या करारानं मंडळाला द्यायला तयार होता. मात्र मार्चअखेर बारा लाख रुपये एकरकमी हवे होते. नाही तर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तिथं जेसीबी लागणार होता. किरकोळ वर्गणीतून चार लाख जमले होते. उरलेले आठ मोठ्या असामींकडून आणायला सोनमला एक वजनदार माणूस हवा होता, आणि सोमशेखर एकोणनव्वद किलोचे होते.

“सर, एकदा माळ बघायला चला,” असं तिनं तीनदा म्हटलं. पण माळावरचं ऊन, रक्तदाब आणि लांडगे या तिन्ही गोष्टींचा एकत्रित विचार करून सोमशेखरांनी ठरवलं, की प्रमुखानं मुख्यालय सोडणं बरं नव्हे. त्यांनी घरी बसून लॅपटॉपवर अडतीस पानांचं सादरीकरण तयार केलं.

जुळे सोलापुरातल्या त्यांच्या बसवप्रसाद अपार्टमेंटमध्ये संध्याकाळी पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून बैठक बसते. तिथं ही बातमी फुटली आणि सल्ले सुरू झाले. तळमजल्यावरच्या काशम्मांनी अमावस्या टाळायला सांगितलं. कुणी म्हणालं, हार न्या. कुणी म्हणालं, हार आपल्यालाच घालतील, हात रिकामे ठेवा. मग काशम्मांनी मुद्द्याचं विचारलं, “झाडं किती लावणार म्हणायची?”

“एकही नाही.”

दोन-तीन खुर्च्या पुढं सरकल्या.

“तो गवताळ माळ आहे, काशम्मा. तिथं झाडं लावली तर तिथले प्राणी जातील. झाडं लावायची नाहीत, यासाठीच पैसे गोळा करायचेत.”

“झाडं न लावायला पैसे?” काशम्मा म्हणाल्या. “मग मी दहा वर्षांपासून फुकटच करालोय की हे काम!”

सगळे हसले. सर्वांत मोठ्यानं हसले ते समोरच्या दाराचे शरणबसव कोरे. यंत्रमागाचे सुटे भाग विकायचं त्यांचं दुकान होतं. अंगानं गोल, आवाज मोठा आणि हातात दोन अंगठ्या. हसून झाल्यावर तेच म्हणाले, “साहेब, गाडी आहे आपली. कुठं जायचं ते सांगा की. दुकान पोरगी बघते आता. मी नुसता बसून असतो.”

सोमशेखरांना त्यात काही वावगं दिसलं नाही. प्रमुखाला गाडी लागतेच, आणि गाडीला चालक.

पहिली भेट होती टॉवेल कारखान्याचे मालक अंबय्या येमूल यांची. सोमशेखरांनी लॅपटॉप उघडला. तिसऱ्या पानावर येमूल म्हणाले, “म्हमाणे सर, पर्यावरण म्हणजे झाडं ना? पाच हजार रोपं देतो. उद्या ट्रक पाठवतो.” सोमशेखरांनी त्यांना नम्रपणे सातव्या पानावर नेलं. येमूल तिथून परत रोपांवर आले. बाराव्या पानावर लॅपटॉपची बॅटरी संपली. चार्जर घरी, धनलक्ष्मीबाईंच्या मिक्सरशेजारी.

तोवर कोरे उठून खिडकीतून मागांकडे बघत होते. त्यांनी येमूलांना तेलुगूत काहीतरी विचारलं, येमूल हसले आणि बोलणं मागाच्या कुठल्याशा पट्ट्यावर गेलं. सोमशेखर घड्याळ बघत राहिले. मग कोरेंनी टेबलावरचा नमुन्याचा टॉवेल उचलला.

“आण्णा, हा टॉवेल पाणी का धरतो?”

“लूप असतात ना त्याला.”

“आणि हे लूप उपटून मधे मधे खुंटे ठोकले तर?”

“वाया गेला की टॉवेल.”

“बस. माळावरचं गवत म्हणजे हा टॉवेल. आणि तुमची पाच हजार रोपं म्हणजे खुंटे.”

येमूलांनी टॉवेलचे लूप बोटांनी चाचपले. मग म्हणाले, “एक लाख घ्या.”

गाडीत कोरे खुशीत शीळ घालत होते. सोमशेखर म्हणाले, “उपमा ठीक होती. पण शास्त्रीयदृष्ट्या ढोबळ.”

पैसे मात्र लगेच आले नाहीत. येमूलांच्या हिशेबनिसाला करसवलतीचं प्रमाणपत्र हवं होतं. त्याचा अर्ज भरणाऱ्या एजंटानं इंग्रजीत ‘माळरान’ लिहिताना दोन जास्तीचे ए घातले होते आणि मंडळाच्या पॅन कार्डावर ते नव्हते. दोन्ही माळरानं एकच आहेत याचं प्रतिज्ञापत्र, त्यावर नोटरी, नोटरीच्या शिक्क्यावर गेल्या वर्षीची तारीख, म्हणून पुन्हा नोटरी! सोमशेखर नऊ दिवस एका कार्यालयाच्या चार खिडक्यांपुढे उभे राहिले. हे मात्र त्यांचं मैदान होतं. कुठला कागद कुठल्या कागदाखाली ठेवला की साहेबाची नजर चुकत नाही, हे त्यांच्याइतकं जिल्ह्यात कुणाला ठाऊक नसेल. दहाव्या दिवशी धनादेश घेऊन ते सोनमपुढे उभे राहिले.

“वा!” सोनम म्हणाली. “कोरेआण्णांनी कमाल केली, सर. टॉवेलचं उदाहरण मी आता सगळीकडे वापरणार.”

हेवा ही गोष्ट सुरुवातीला पित्तासारखी असते. माणसाला वाटतं, काल मिरचीची भजी जरा जास्त झाली. सोमशेखरांनी त्या दिवशी दोन वेळा सोडा घेतला. तिसऱ्यांदा घ्यायला लागले, तेव्हा धनलक्ष्मीबाई म्हणाल्या, “समोरच्या दाराकडे बघून पोट दुखत असेल तर सोड्यानं काय होणार?”

दुसरी भेट अकलूजला होती, दूधधंद्यातले बडे असामी सयाजीराव यांच्याकडे. यावेळी सोमशेखरांनी चार्जर आणि छापील प्रती घेतल्या, शिवाय रस्त्यात कोरेंना बजावलं, “आज तुम्ही फक्त सोबत.” कोरे म्हणाले, “बरोबर आहे साहेब, मी लई बोलतो.” पण टेंभुर्णीच्या ढाब्यावर त्यांनी शेंगांच्या चटणीबरोबर पाच भाकरी खाल्ल्या आणि त्यांचे डोळे मिटू लागले. मग पुढची गाडी सोमशेखरांनीच चालवली.

सयाजीरावांच्या बंगल्यापुढे कोरे उतरले, सोमशेखर गाडी सावलीला लावायला मागं घेऊन गेले. बॅग खांद्याला लावून ते दारात आले, तर तिथल्या माणसानं त्यांना अडवलं. “ड्रायव्हर लोकांची सोय हिकडं हाय.”

सोमशेखरांनी कार्ड काढून दिलं. त्या माणसानं ते सावकाश वाचलं. “व्हय, व्हय. पर सध्या बसा की हितंच. च्या येतोय.”

नोकराशी हुज्जत घालणं हे प्रमुखाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही. त्यामुळे ती प्रतिष्ठा सांभाळत ते ओसरीवरच्या बाकावर बसले. चहा स्टीलच्या पेल्यात आला. वरची खिडकी उघडी होती आणि आतलं सगळं ऐकू येत होतं.

“आमचे आबा लई धाडशी,” सयाजीराव सांगत होते. “एका लांडग्याला आबांचं नाव द्या. तसा बोर्ड लावा माळावर. दोन लाख देतो.”

“नियमात बसत नाही!” सोमशेखर खालून ओरडले.

“ओ ड्रायव्हर, जरा हळू,” दारातला माणूस म्हणाला.

आतून कोरेंचा आवाज आला. “सरकार, लांडगा आज हितं, उद्या भलतीकडं. उद्या एखाद्यानं म्हटलं, तुमच्या आबांनी माझं कोकरू नेलं, मग?” सयाजीराव गडगडून हसले. कोरे पुढं म्हणाले, “त्यापेक्षा पाणवठ्याला नाव द्या. लांडगा प्यायला येईल, चिंकारा येईल. सगळे आबांच्या दारी.”

दोन लाखांचा धनादेश, कोरेंना शाल आणि दोघांचा फोटो. बाहेर आल्यावर कोरे घाबरून म्हणाले, “साहेब, कुठं होता तुम्ही? मी दोनदा विचारलं, ते म्हणाले, तुमचे साहेब फोनवर आहेत!” शाल त्यांनी सोमशेखरांच्या खांद्यावर टाकली. सोमशेखरांनी ती घडी करून मागच्या सीटवर ठेवली, आणि परतताना मागच्या सीटवर स्वतःही बसले.

त्यानंतर कोरे दर रविवारी सोनमबरोबर माळावर जाऊ लागले. मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर फोटो येत. कोरे कोकरू घेऊन, कोरे दुर्बीण घेऊन, कोरे गोजाबाई नावाच्या मेंढपाळ बाईंबरोबर चहा घेताना. सोमशेखर ते फोटो मोठे करून बघत आणि फक्त ‘छान’ असं लिहीत. एकदा त्यांनी ‘छान’च्या पुढचा पूर्णविरामही काढून टाकला. इतका राग त्यांनी चौतीस वर्षांत कधी कागदावर आणला नव्हता.

उरले पाच लाख, आणि मार्चचे अकरा दिवस. आशा एकच होती. बाळीवेशीतल्या पार्वतम्मा. वय अठ्ठ्याहत्तर, भुसार बाजारातल्या जुन्या पेढीच्या मालकीण, माणूस पारखून देणगी देणाऱ्या. भेटीची वेळ ठरली आणि सोमशेखरांनी आयुष्यातलं एक मोठं पाप केलं. जिन्यात कोरे भेटले तेव्हा ते म्हणाले, “पार्वतम्मांची भेट रद्द झाली.”

“अरेरे! काय झालं?”

सोमशेखरांनी पुढचं ठरवलं नव्हतं. “गुडघा,” ते म्हणाले.

संध्याकाळी कोरे बाटली घेऊन दारात हजर. “आमच्या हिच्या माहेरचं तेल आहे. गुडघ्याला लई गुणकारी. अम्मांना पोचवा की.” सोमशेखरांनी बाटली बॅगेत कोंबली आणि दुसऱ्या दिवशी रिक्षानं एकटेच बाळीवेशीत गेले.

“बर्री, कूड्री,” पार्वतम्मांनी पाटाच्या झोपाळ्यावरून हात केला. सोमशेखर बसले आणि त्यांनी बॅगेतून लॅपटॉप काढला. तो चमकत होता. कडेनं तेल गळत होतं. बाटलीचं बूच रिक्षाच्या खड्ड्यांत कुठंतरी निसटलं होतं. अडतीस पानं वातनाशक तेलात न्हाऊन निघाली होती आणि पडदा काळा तो काळाच.

पार्वतम्मांनी वास घेतला. “हे गुडघ्याचं तेल की! माझा गुडघा दुखतो हे तुमाला कुणी सांगितलं?”

सोमशेखर रुमालानं लॅपटॉप पुसू लागले. कोरे घरी असूनही इथं जिंकत होते.

बाटलीत उरलेलं तेल पार्वतम्मांनी ठेवून घेतलं. मग त्यांनी माळाबद्दल सगळं ऐकलं आणि एकच विचारलं, “नोडीरेनु? स्वतः बघितलीय ती जागा?”

खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाचा आठवड्याचा कोटा कालच संपला होता. “इल्ल, नाही,” सोमशेखर म्हणाले.

“मग उद्या दोघं मिळून बघू. सकाळी सहाला या.”

आता गाडी कुणाची? कोरेंना विचारणं शक्य नव्हतं. सोमशेखरांनी स्टँडवरून टॅक्सी ठरवली, सकाळी सहाला पार्वतम्मांना बसवलं, नव्या चालकाला “जेऊर” एवढंच सांगितलं आणि गाडीच्या गारव्यात त्यांना डुलकी लागली. जिल्ह्यात जेऊर दोन आहेत हे ज्याला माहीत नाही त्यानं टॅक्सी चालवू नये, आणि ज्याला माहीत आहे त्यानं झोपू नये. जाग आली तेव्हा टॅक्सी अक्कलकोट तालुक्यातल्या जेऊरच्या वेशीत उभी होती. करमाळ्याचं जेऊर बरोबर उलट्या दिशेला, शंभरेक मैल मागं.

“अम्मा, तुम्ही जाग्या होता, सांगितलं नाही?”

“मला वाटलं, तुमी मुद्दाम माझ्या माहेरावरून नेताय,” पार्वतम्मा म्हणाल्या. “हितनं दोन कोसांवर माझं माहेर. आता आलोच आहे, तर वैनीला भेटून येऊ.”

वैनीनं जेवल्याशिवाय सोडलं नाही. माळावर पोचले तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते. पिवळं गवत, दगड, आणि क्षितिजापर्यंत काहीच नाही. लांडगा नाही, चिंकारा नाही, कावळासुद्धा नाही. झोपडीतून गोजाबाई बाहेर आल्या. त्यांनी टॅक्सीत वाकून पाहिलं आणि विचारलं, “आण्णा न्हाय आले व्हय?”

पार्वतम्मांनी डोळ्यांवर हात धरून चौफेर बघितलं. “म्हमाणे, हितं काय आहे?”

सोमशेखर पुढं झाले. काहीतरी दाखवायलाच हवं होतं. ते हात पसरून चालत निघाले. कुसळं मोज्यांतून आत गेली तरी थांबले नाहीत.

“थांबा!” गोजाबाई ओरडल्या. “पाय खाली टेकू नका! त्यो उजवा पाय, तसाच धरा!”

सोमशेखरांचा उजवा पाय हवेत राहिला. साप? लांडग्याचा सापळा? गोजाबाई धावत आल्या आणि त्यांच्या बुटाखाली बोट दाखवलं. दोन खडे पडले होते, मातकट, काळ्या ठिपक्यांचे. मग एक खडा जरा जास्तच गोल दिसला.

“धाविकाची अंडी हायती. आई बगा तितं, त्या दगडामागं. तुमच्यामुळं उठलीया.”

वीस पावलांवर एक बारीक तपकिरी पक्षी उंच पायांवर उभा होता आणि सोमशेखरांकडं बघत होता. पार्वतम्मा गोजाबाईंचा खांदा धरून आल्या, दुखऱ्या गुडघ्यासकट खाली वाकल्या आणि अंड्यांकडं किती तरी वेळ बघत राहिल्या.

“घरटं नाही, काही नाही. उघड्या जमिनीवर?” त्या म्हणाल्या. “हितं एक खड्डा काढला असता रोपाला, तर गेलं होतं की सगळं.”

“ढांग टाकून बाजूला होऊ का?” सोमशेखरांनी विचारलं.

“हलू नका. दुसरीकडं बी असतील, बगून सांगते,” म्हणून गोजाबाई त्यांच्या डाव्या पायाभोवती जमीन तपासू लागल्या. एकोणनव्वद किलो एका पायावर डुलत होते. त्या अवस्थेत माणसाला पान क्रमांक आठवत नाहीत. सोमशेखरांच्या तोंडून भलतंच निघालं.

“अम्मा, मला मागायला येत नाही. कोरे म्हणून आमचे शेजारी आहेत, त्यांना येतं. आधीचे सगळे पैसे त्यांनी आणले. ते तेलसुद्धा त्यांचंच. मी त्यांना खोटं सांगून मागं ठेवलं, कारण मला त्यांच्यावर जळायला होतं. पण आता हे बघितलं. आता कुणीही आणोत. हा माळ राहिला पाहिजे.”

पार्वतम्मा सावकाश उठल्या. “जळणारा माणूस खरं बोलतो, हे आज पहिल्यांदा बघितलं,” त्या म्हणाल्या. “पाच कमी पडतात ना? देते. आता पाय ठेवा खाली.”

“हिकडं ठेवा,” गोजाबाईंनी जागा दाखवली.

परतीच्या सगळ्या रस्त्यात सोमशेखर एकच प्रसंग मनात घोळवत होते. माळावर काहीही कबूल केलेलं असो, मोहोळ येईपर्यंत मन पूर्ववत झालं होतं. पार्किंगमध्ये जायचं. खुर्चीत बसायचं. सहज म्हणायचं, पाच लाख झाले. आणि कोरेंचा चेहरा कसा उतरतो ते डोळे भरून बघायचं.

सात वाजता ते गेटातून आत शिरले, तर पार्किंगमध्ये सगळी बिल्डिंग जमलेली. धनलक्ष्मीबाईसुद्धा. मधोमध कोरे उभे होते, एका पायावर.

“...आणि साहेब असे! अर्धा तास! हूं नाही की चूं नाही! आले आले, साहेब आले!” कोरे धावत येऊन त्यांच्या गळ्यात पडले. “गोजाबाईचा फोन आला मला. बारा लाख पूर्ण! अहो, माझ्याच्यानं काही झालं नसतं अम्मांपुढं. साहेबांनी केलं! पेढे घ्या!” पेढ्यांचा मोठा पुडा त्यांनीच आणला होता. चेहरा उतरायचं तर सोडाच, आनंदानं दुप्पट झाला होता. महिनाभर एवढी मेहनत करून ज्याला जळवायचं, तो जळतच नव्हता.

मग सोमशेखरांच्या लक्षात आलं. गोजाबाईंचा फोन. गोजाबाई तर शेजारीच वाकलेल्या होत्या. सगळं ऐकलं होतं त्यांनी.

“पुढं सांगा, आण्णा,” काशम्मा म्हणाल्या. “एका पायावर उभं राहून काय म्हणाले हे अम्मांना?”

कोरेंनी सोमशेखरांकडं पाहिलं. क्षणभरच. सोमशेखरांच्या हातातला पेढा अर्ध्यावर थांबला.

“काय म्हणाले?” कोरेंनी आवाज चढवला. “म्हणाले, ‘अम्मा, माझा पाय तुटला तरी चालेल, पण या पाखराचं घर मोडू देणार नाही!’”

टाळ्या पडल्या. काशम्मांनी डोळ्यांना पदर लावला. धनलक्ष्मीबाईंनी नवऱ्याकडं असं पाहिलं, जसं लग्नानंतर दोन-तीनदाच पाहिलं असेल.

“तसं नाही,” सोमशेखरांच्या तोंडून निघालं. “मी म्हणालो—”

“तुम्ही थांबा हो साहेब,” दोन-तीन जण एकदम म्हणाले. “आण्णांना सांगू द्या!”

“तेवढ्यात,” कोरे पुन्हा एका पायावर झाले, “त्या दगडामागनं कोण निघालं म्हणता?”

माळावर दगडामागनं कुणीच निघालं नव्हतं. सोमशेखरांना ते पक्कं माहीत होतं. त्यांनी खुर्ची ओढली, धनलक्ष्मीबाईंच्या शेजारी लावली आणि पेढा तोंडात टाकून म्हणाले, “कोण निघालं?”